सांदवाडीत कुत्र्यांसाठी जाळीचं आवार : खांब, तळ, छप्पर कसं करू?

मोहफूल | ९ जानेवारी

नमस्कार मंडळी. आम्ही वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात राहतो, गावाच्या अगदी टोकाला. घरामागे सांदवाडी आहे, अंदाजे ४० बाय ६० फूट. पलीकडे नाला, नाल्यापलीकडे पऱ्हाटी (कपाशी) आणि मग जंगल. बोर व्याघ्र प्रकल्प इथून लांब नाही.

घरी दोन कुत्री. भुऱ्या गावरान, सहा वर्षांचा, तो आपल्या पायानं घरी आला. दुसरा ब्रूनो, दीड वर्षाचा लॅब्रॅडॉर. दिरांनी नागपूरला फ्लॅटमध्ये हौसेनं घेतला आणि शेजारपाजारची कुरकुर सुरू झाल्यावर "तुमच्याकडे मोकळं रान आहे वहिनी" म्हणून इथं ठेवून गेले. सासूबाई त्याला बुरणू म्हणतात.

दिवसा दोघं मोकळे, रात्री साखळीला. दिवाळीच्या आठवड्यात चौथ्या घरचा कुत्रा बिबट्यानं नेला. ओसरीच्या खांबाला बांधलेला होता. सकाळी साखळी जागेवर आणि तुटका पट्टा तिला लटकलेला. तेव्हापासून रोज संध्याकाळी साखळी अडकवताना कसंतरी होतं.

म्हणून २० बाय ८ फुटांचं जाळीचं आवार करायचं ठरवलंय. एका कोपऱ्यात निंबाचं मोठं झाड आहे, त्याच्या सावलीत. उंची ६ फूट, वर उघडं. खाली कोबा करू की माती ठेवू? जमीन काळी, भारी आहे. गावातला गवंडी म्हणतो दीड फूट खड्डा पुरे. यजमान म्हणतात आधी विचारून घे, मग खर्च काढ.

पऱ्हाटी | ९ जानेवारी

ताई, एवढा कुटाणा कशाले? आमच्या बाभूळगावाकडं वावरात कुत्रं राह्यते, त्याले कोनी बंगला बांधून देत नाही. भुऱ्याले मोकळं सोडा, बुरणूले घरात घ्या. झालं.

धानपट्टा | ९ जानेवारी

पऱ्हाटी भाऊ, तुमच्याकडे बिबट कमी असेल. आम्ही ब्रह्मपुरीकडचे. मोकळं कुत्रंही जातं, बांधलेलंही जातं. बांधलेलं आधी जातं एवढाच फरक.

ताई, तुमच्या बेतात एकच मोठी चूक आहे, "वर उघडं". सहा फुटांची जाळी म्हणजे बिबट्याला उंबरठा. तो झाडावर सांबराचं पिल्लू घेऊन चढणारा प्राणी. आत उतरला की कुत्र्याला पळायला वाट नाही, म्हणजे साखळी बरी होती म्हणायची वेळ. वरून जाळी बंद करा, नाहीतर करूच नका. आणि त्या निंबाची जी फांदी आवारावर येते ती छाटा. बिबट नाही आला तरी वानरं त्यावरून जाळीवर धपाधप उड्या मारतील.

पुण्यात_पण_वऱ्हाडी | १० जानेवारी

आमच्या सोसायटीच्या मागे डॉग पार्क आहे, त्यात कृत्रिम हिरवळ टाकली आहे. फार छान दिसते. तळाला ती टाकता येईल.

पऱ्हाटी | १० जानेवारी

मे महिन्यात या राजेहो. त्या हिरवळीवर पापड भाजून दाखवतो.

वेल्डिंगवाला | १० जानेवारी

वणीला फॅब्रिकेशनचं दुकान आहे, कुंपणं रोजचीच. ताई, गवंड्याचं ऐकू नका. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दीड फुटातला खांब या मातीत दातासारखा हलतो. पहिल्या पावसातच ओळंबा सुटतो. माती खणत मुरुमाला लागायचं. आमच्याकडे कुठे अडीच, कुठे साडेतीन फुटांवर लागतो. मुरूम फारच खोल असेल तर खड्डा रुंद घ्या, तळाशी वरच्यापेक्षा जास्त रुंद, म्हणजे माती फुगली तरी काँक्रीटचा गोळा वर उचलला जात नाही. खांबाभोवती वरच्या फूटभरात काळी माती परत भरू नका, मुरूम नाहीतर रेती भरा.

काम आत्ताच करा, जानेवारी-फेब्रुवारीत. मातीत थोडी ओल आहे, सब्बल चालते. एप्रिलमध्ये त्याच मातीला सब्बल मारली की ठिणगी उडते.

लोखंड सांगतो. उभे खांब ४० बाय ४० बाय ५ चा अँगल, साडेनऊ ते दहा फुटी, आठ फुटांवर एक. चारही कोपऱ्यांना तिरपा टेका हवाच, जाळीचा ताण सगळा कोपऱ्यावर येतो. जाळी १० गेजची, दोन इंची चौकट. १२ गेज स्वस्त पडते, पण लॅब तिच्यावर अंग टाकून टाकून पोट काढतो. वरच्या बाजूला चालेल. आणि सर्वात खाली जाळी नुसती लोंबती ठेवू नका, तिथंही आडवा अँगल मारा. कुत्रा वरून उडी मारून फार कमी वेळा जातो, खालून नाक घालून उचलून जातो. जाळीची कापलेली टोकं बाहेरच्या बाजूला वळवा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात कुत्र्याचा ओठ फाटेल.

मोहफूल | ११ जानेवारी

वेल्डिंगवाले दादा, खूप आभार. वर जाळी घ्यायची हे आजच ठरलं. खर्च ऐकून सासूबाईंनी "एवढ्यात माणसाची खोली झाली असती" असं म्हणून चहा ठेवला.

भुऱ्या खणतो हो. कोंबडीच्या खुराड्याखालून त्यानं दोनदा बोगदा काढला आहे. जाळी दोन फूट गाडू का?

सब्बल_आणि_घमेलं | ११ जानेवारी

गाडू नका. उभी गाडलेली जाळी दोन पावसाळ्यांत गंजते आणि तेवढी चर खणायला मजूर वेगळा. आतल्या बाजूनं दीड फूट रुंदीची जाळीची पट्टी जमिनीवर आडवी टाका, उभ्या जाळीला तारेनं बांधा, वर सहा इंच मुरूम आणि कडेला मोठे दगड. कुत्रा नेहमी जाळीच्या अगदी पायथ्याशीच उकरतो. नखाला तार लागली की जागा बदलतो, पण दीड फूट मागं सरकून खणावं हे त्याला सुचत नाही. मी दोन खणणाऱ्या कुत्र्यांवर हे केलंय. एकाला सुचलं होतं, खोटं नाही बोलत, पण तो वेगळाच होता.

जनावरांचा_डागदर | १२ जानेवारी

धागा वाचतोय. मी गुरांचा डॉक्टर, पण गावात कुत्रीही आमच्याकडेच येतात.

मला काळजी बिबट्याइतकीच उन्हाची आहे. कुत्र्याचं शरीराचं तापमान मुळातच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. त्याला घाम येतो तो फक्त पंजाच्या गाद्यांना, बाकी सगळी भिस्त धापेवर. भोवतीची हवाच ४५-४६ अंश सेल्सिअस असेल तर धापेनं किती भागणार? लॅबचं केसाळ कातडं आणि खादाडपणामुळे चढलेली चरबी, दोन्ही घातक. मे महिन्यात माझ्याकडे येणाऱ्या कुत्र्यांत बंद आवारातली जास्त असतात, मोकळी कमी. मोकळं कुत्रं स्वतः नाल्यात जाऊन बसतं, बंद कुत्र्याला आपण दिलेलीच सावली.

म्हणून आवाराची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा. म्हणजे पश्चिमेचं ऊन फक्त आठ फुटी बाजूवर येईल आणि ती बाजू तट्ट्यानं पूर्ण बंद करता येईल. टिना टाकाल तर नऊ फुटांवर टाका आणि खाली किंवा वर दुसरा थर द्या. नुसत्या टिनेखाली चार वाजता स्वतः दहा मिनिटं बसून बघा. मडकं किंवा सिमेंटचं टाकं ठेवा, स्टीलचं भांडं नको. कुत्रा लटपटायला लागला, तोंडाला फेस, हिरड्या लालभडक दिसल्या तर साधं पाणी अंगावर, पोटावर, पंजांवर ओता आणि पंखा लावा. बर्फाचं पाणी नको. आणि तसाच दवाखान्यात.

तळ संपूर्ण कोब्याचा करू नका. सतत कोब्यावर बसून कोपरांना घट्टे पडतात आणि उन्हात तो तव्यासारखा तापतो. झोपायच्या बाजूला ६ बाय ८ फूट फरशी, उरलेला १४ फूट मुरूम धुम्मस करून. फरशीला फुटामागे पाव इंच उतार द्या, नालीकडे.

आणखी एक. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कलम ११ मध्ये अतिशय आखूड किंवा जड साखळीनं जनावर बराच वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहेच, पण नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला फिरवलं नाही तर तोही गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये, त्यामुळे कोणी घाबरत नाही ते सोडा. सांगायचं हे, की २० फुटांचं आवार झालं म्हणून सकाळचा फेरफटका सुटत नाही.

वऱ्हाडी_ठेचा | १२ जानेवारी

डागदर साहेब, गोचिडाचं सांगा नं. आमच्या गावात कपाशीवर मारायचं औषध पाण्यात टाकून कुत्र्याले पुसते लोक.

जनावरांचा_डागदर | १३ जानेवारी

हे मी दरवर्षी ओरडून सांगतो. कपाशीचं फवारणीचं औषध कुत्र्याच्या अंगाला लावायचं नाही, एक थेंबही नाही. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणी करणारी धडधाकट माणसं विषबाधेनं गेली, तिथं २५ किलोच्या कुत्र्याची काय कथा? तो अंग चाटतो, म्हणजे पितोच. गोचिडासाठी कुत्र्यांचं वेगळं औषध मिळतं, वजन सांगून दवाखान्यातून घ्या.

आवार बांधताना एक करता येईल. पोट भरलेली गोचिडीण कुत्र्यावरून उतरते आणि भिंतीच्या फटीत वर चढून अंडी घालते, एकेक हजारोंनी. म्हणून आवाराला विटांची भिंत असेल तर दरजा भरून सपाट प्लास्टर करा. तट्टे दर उन्हाळ्यात बदला, जुने जाळून टाका. औषध फक्त कुत्र्याला आणि फटी तशाच, तर पंधरा दिवसांत पुन्हा तेच.

लसही. रेबीजची तुम्ही देतच असाल. जंगलाच्या कडेला राहता म्हणून डिस्टेंपरची चुकवू नका. तो रोग कुत्र्यांतून रानातल्या जनावरांत जातो. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसच्या वर सिंह मेले, त्यातल्या बऱ्याच जणांत तोच विषाणू सापडला होता.

पुण्यात_पण_वऱ्हाडी | १३ जानेवारी

बिबट्याला खरंच कुत्राच लागतो, की हा आपला समज आहे?

धानपट्टा | १४ जानेवारी

समज नाही. वन्यजीव अभ्यासक विद्या अथ्रेया आणि सहकाऱ्यांनी अकोल्यात बिबट्याची विष्ठा गोळा करून तपासली, २०१४ साली ते छापून आलं. खाल्लेल्या वजनात ३९ टक्के कुत्री. शेळ्यामेंढ्यांपेक्षा जास्त. (अकोले, नगर जिल्ह्यातलं. आपलं अकोला नव्हे. उगाच तिकडचे लोक माझ्यावर धावून येतील.)

पऱ्हाटी | १४ जानेवारी

अकोल्यात बिबट आला तर उन्हानंच मरते.

मोहफूल | २३ फेब्रुवारी

मंडळी, झालं एकदाचं. खांबांना ठिकठिकाणी पावणेतीन ते सव्वातीन फुटांवर मुरूम लागला. २० बाय ८, उंची ७ फूट, वर अर्ध्यात जाळी आणि अर्ध्यात टिना. लोखंड, जाळी, सिमेंट, मजुरी धरून ३७ हजार लागले. फरशी घरी पडून होती, तिचे पैसे वाचले. निंबाची फांदी छाटली, सासूबाई दिवसभर बोलल्या नाहीत.

पहिल्या रात्री ब्रूनो सरळ आत गेला, फरशीवर आडवा झाला. भुऱ्या फाटकात बसला आणि पहाटेपर्यंत आमच्या खिडकीकडे बघत राहिला. तिसऱ्या दिवशी गेला तोही. आडव्या पट्टीचा उपाय शंभर टक्के. त्यानं दोन कोपरे उकरले, तार लागली, सोडून दिलं.

एक गंमत. ब्रूनोला कडी उघडता येते! नाकानं कडी वर ढकलतो आणि खांद्यानं फाटक. मी समोर उभी राहून पाहिलं. नाकाची टोकाची ओली बाजू कडीखाली घालतो, दोनदा घसरते, तिसऱ्यांदा जमतं आणि मग माझ्याकडे बघून शेपूट. आता आम्ही कोयंड्यात खिळा घालतो.

वेल्डिंगवाला | २३ फेब्रुवारी

फाटक आत उघडणारं केलं की बाहेर? आत उघडणारं हवं. कुत्र्यानं आतून ढकललं तर ते चौकटीवर दाबलं जातं.

मोहफूल | २३ फेब्रुवारी

बाहेर. 🙈

मोहफूल | १९ मे

डॉक्टर साहेब, तुमचं टिनेचं म्हणणं मी अर्धंच ऐकलं होतं. टिना सात फुटांवरच टाकली. एप्रिलच्या शेवटी दोघंही दुपारी टिनेखाली जायचेच नाहीत. निंबाच्या सावलीतल्या मुरुमात खड्डा करून पडायचे आणि सावली सरकली की खड्डाही सरकायचा. आवारात सात खड्डे झाले. मग टिनेवर वरून चुना मारला, त्यावर बांबू आडवे टाकून तुराट्यांचा हातभर थर बांधला. पश्चिमेला तट्टा आणि बारदान, दुपारी दोनदा त्यावर पाणी. आता जातात. तुराट्या वाळलेल्या आहेत, म्हणून चूल तिथून लांब हलवली.

आणि जाळीच्या छपराचा खरा उपयोग सासूबाईंनी शोधला. कुरडया आणि सरगुंडे आवारात वाळत घालतात, कारण वानरं आणि कावळे दोन्ही बंद. कुत्री तेवढा वेळ अंगणात. पाटावरच्या कुरड्या जाळीबाहेरून बघत ब्रूनो जी लाळ गाळतो, ती बघवत नाही.

वऱ्हाडी_ठेचा | १९ मे

म्हंजे ३७ हजाराचं कुरड्याचं घर.

मोहफूल | २६ जुलै

लिहायला उशीर झाला, जरा मोठं आहे.

मी इथं एक गोष्ट लपवली होती. फाटकाच्या खांबाच्या जागी निंबाचं जाड मूळ लागलं होतं. मूळ तोडायचं नाही म्हणून सासूबाई अडून बसल्या, आणि गवंडी म्हणाला इथं दीड फूट चालेल, एकच तर आहे. मी हो म्हटलं. बाकी सगळे खांब मुरुमात, हा एक काळ्या मातीत. ज्याच्यावर फाटकाचं सगळं वजन, तोच.

जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात झड लागली. आठव्या दिवशी खांब बाहेर झुकला. फाटक खाली घासायला लागलं, वर चार बोटं फट. मग सहा बोटं. कडी कोयंड्यापर्यंत पोचेना. तीन दिवस आम्ही दोरीनं बांधून भागवलं. चौथ्या रात्री पावसात दोरी बांधायचाही कंटाळा आला, यजमान म्हणाले आज घरातच घे दोघांना, उद्या बघू. ओली कुत्री स्वयंपाकघरात, सासूबाईंची बडबड, सगळं झालं. रात्री दोनच्या सुमाराला भुऱ्या गुरगुरत उठला, भुंकला नाही. दाराजवळ जाऊन पाठीवरचे केस उभे करून उभा. ब्रूनो ओट्याखाली शिरला.

सकाळी पाऊस थांबला होता. नाल्याकडून चिखलात पंजे आले होते. माझ्या तळहातात मावतील एवढे, नखं नाहीत. आवाराभोवती पूर्ण फेरी. पश्चिमेच्या बाजूला जाळीवर माझ्या डोक्याच्या उंचीला चिखलाचे दोन पट्टे, म्हणजे तो उभा राहिला होता. मग फाटकाशी. आणि फाटकातून आत. फरशीवर चिखलाची पावलं, ब्रूनोच्या बारदानापर्यंत. बारदान उलटं पडलेलं.

मी तिथं किती वेळ उभी होते माहीत नाही. सासूबाई मागून आल्या, त्यांनी पाहिलं आणि काही न बोलता आत जाऊन कुऱ्हाड घेऊन आल्या. मुळासाठी.

वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन केला, वनरक्षक दुपारी आले, बिबटच म्हणाले. ठसे मोजले, फोटो काढले, आणि रात्री दिवा लावा, कोंबड्यांची पिसं-आतडी नाल्यात टाकू नका, असं सांगून गेले. ते आम्ही टाकत होतो, खरं आहे.

पऱ्हाटी | २६ जुलै

ताई, मी पहिल्या दिवशी जे बोललो ते परत घेतो. भुऱ्याले मोकळं सोडा म्हटलं होतं मी.

सोयाबीन | २६ जुलै

रानडुकरासाठी वावरात झटका मशीन लावतो आम्ही. जाळीबाहेर दोन तारा त्याच्या लावल्या तर? नाहीतर घरच्या लाइनीवरूनच एक तार...

वेल्डिंगवाला | २६ जुलै

घरच्या लाइनीचं नावही काढू नका भाऊ. गुन्हा तर आहेच, आणि त्यात जनावर मरायच्या आधी रात्री लघवीला उठलेलं माणूस मरतं. दरवर्षी पेपरात असतं. झटका मशीन वेगळं, त्याचा झटका क्षणाचा असतो. पण इथं जाळी आणि पाऊस एकत्र आहे. तार जाळीला टेकली की सगळी जाळी झटका देणार, आणि आत ओल्या फरशीवर त्यांचीच कुत्री. ताईंना गरज नाही. खांब नीट करा, बास.

ताई, आत्ता पावसात नवीन काँक्रीट टाकलं तरी माती फुगलेलीच आहे. जुना खांब काढा, मूळ गेलं असेल तर मुरुमापर्यंत खणा, खड्ड्यातलं पाणी उपसून मग भरा. आणि त्या खांबापासून फाटकाच्या दुसऱ्या खांबापर्यंत जमिनीखाली एक आडवा अँगल वेल्ड करा, दोघांची पावलं बांधल्यासारखी. वर पण एक. मग एकटा खांब कुठे जात नाही.

मोहफूल | ११ ऑगस्ट

झालं. सव्वातीन फूट, आडवे अँगल खाली-वर, आणि फाटक आता आत उघडतं. दोन कड्या, एक वर, एक गुडघ्याच्या उंचीला, म्हणजे खालून वाकवून फट करता येत नाही. दोन्हींना खिळा. वेल्डरचे ४,२०० रुपये. निंब आहे अजून, एका मुळानं काही झालं नाही त्याला.

धानपट्टा | ११ ऑगस्ट

बरं केलं. बिबट पुन्हा आला का?

मोहफूल | १२ ऑगस्ट

दोनदा नाल्यापर्यंत, ठसे दिसले. अलीकडे नाही. कोंबड्यांचं सगळं आता खड्ड्यात पुरतो.

रात्री साडेनऊला सासूबाई टॉर्च घेऊन सांदवाडीत जातात. मी आधी कड्या लावलेल्या असतात, तरी दोन्ही खिळे हलवून बघतात. काल पाऊस होता म्हणून मी म्हटलं, राहू द्या, मी बघितलंय. म्हणाल्या, "तू बघितलं, बुरणूनं नाही बघितलं." आणि छत्री घेऊन गेल्या.